हस्तकला प्रश्नोत्तरे : लगदा, गोधडी, पुठ्ठा आणि आकाशकंदील

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये ‘कोणती वस्तू करू?’ असे विचारणारी पत्रे थोडी आहेत आणि ‘वस्तू केली, पण ती टिकली नाही’ असे सांगणारी जास्त आहेत. टाकाऊतून टिकाऊ असे आपण सहज म्हणतो; त्यातले टिकाऊपण मात्र कागद पाण्याने कसा फुगतो, कापड कोणत्या दिशेने ताणले जाते, खळ कशाला धरते आणि कशाला धरत नाही, अशा साध्या गोष्टींवर अवलंबून असते. म्हणून खालील उत्तरांत कृतीबरोबर तिची कारणेही सांगितली आहेत. कारण कळले की हाताशी असलेल्या सामानाप्रमाणे कृतीत फेरफार करणे प्रत्येकाला जमते.

प्रश्न : श्रावणात सवड होती म्हणून रद्दीच्या लगद्याची टोपली केली. थर चांगला बोटभर जाड दिला होता. वरून ती वाळलेली दिसत होती, पण काही दिवसांनी वास येऊ लागला, आतून काळी बुरशी धरली आणि काठाला भेगा पडल्या. गावाकडे अशा टोपल्या वर्षानुवर्षे वापरलेल्या पाहिल्या आहेत. आमचे काय चुकले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बुरशी आणि भेगा यांचे मूळ एकच आहे. थर जाड होता आणि हवा दमट होती. लगद्याचा वरचा पापुद्रा आधी वाळतो, वाळताना आक्रसतो आणि आतला ओलावा कोंडून ठेवतो. आत बुरशीला हवा तसा ओलावा मिळत राहतो, आणि बाहेरचा आक्रसलेला पापुद्रा आतल्या ओल्या, फुगलेल्या भागावर ताणला जाऊन जिथे सर्वांत पातळ असेल तिथे, म्हणजे बहुधा काठाला, फाटतो. गावाकडे ही कामे फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, कुरडया-पापडांच्या दिवसांत होत असत, त्याचे कारण हेच आहे.

पुन्हा करताना कागद कात्रीने न कापता हाताने फाडावा, कारण फाटलेल्या कडेचे तंतू मोकळे असतात आणि ते लवकर भिजून एकमेकांत गुंततात. गुळगुळीत, चकचकीत मासिकांचा कागद यासाठी घेऊ नये. त्यावर मातीसारख्या पांढऱ्या पदार्थाचा लेप असतो आणि त्याचा लगदा ठिसूळ होतो. वर्तमानपत्राचा कागद दोन दिवस भिजवून रोज पाणी बदलावे. अर्धा किलो रद्दीला अर्धी ते पाऊण वाटी मेथ्या वेगळ्या भांड्यात रात्रभर भिजवून बारीक वाटाव्यात. मेथीच्या दाण्यातून सुटणारा बुळबुळीत चीक हाच या कामातला खरा चिकट पदार्थ आहे. तो तंतूंना धरून ठेवतो आणि वाळल्यावर कडक होतो. सुपे आणि टोपल्या लिंपताना आपल्या आज्या मेथ्या का घालत असत, ते लगदा हातात घेतल्यावर लगेच समजते, कारण नुसता कागदाचा लगदा भांड्यावरून घसरतो आणि मेथीचा लगदा जागेवर बसून राहतो. लगद्यात मीठ घालण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो मला पटत नाही. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात टोपली पुन्हा सर्द होते. त्याऐवजी चमचाभर तुरटीची पूड घालावी.

कागद आणि मेथ्या एकत्र वाटून, फडक्यात घालून पिळून घ्याव्यात. मूठ दाबल्यावर पाण्याचा एखादा थेंबच पडावा आणि मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे तसेच राहावेत, इतपत घट्टपणा योग्य समजावा. ज्या मिक्सरच्या भांड्यात स्वयंपाकाचे वाटण होते, त्यात हा लगदा वाटू नये, कारण त्यात छपाईची शाई असते. पालथ्या पातेल्यावर ओले सुती फडके घट्ट बसवून त्यावर तीन-चार मिलिमीटरचा एकच थर द्यावा आणि तळापासून काठाकडे थापत जावे. पहिला दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवावे. थर आपला आकार धरून राहण्याइतका सुकला की पातेले काढून घ्यावे, म्हणजे आतल्या बाजूलाही वारा लागेल. त्यानंतरच ऊन दाखवावे. टोपली पूर्ण वाळली आहे का, हे गालाला लावून पाहावे. हाताला कोरडी वाटणारी टोपली गालाला गार लागली, तर आत ओल आहे असे समजावे. ती गेल्यावरच दुसरा थर चढवावा. दोन पातळ थरांची टोपली एका बोटभर थराच्या टोपलीपेक्षा हलकी होते आणि अधिक बळकटही होते.

सध्याच्या टोपलीची बुरशी वरून पुसून भागणार नाही. तिचा मोह सोडावा आणि तो लगदा नव्या टोपलीतही मिसळू नये.

प्रश्न : आजीची दोन नऊवारी लुगडी घरात आहेत. एक साधे सुती आहे, दुसरे इरकली आहे. भाचीच्या बाळासाठी त्यांचे दुपटे किंवा छोटी गोधडी शिवायची आहे. शिलाई मशिन नाही आणि मला धावदोऱ्यापलीकडे काही येत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गोधडीला धावदोऱ्यापलीकडे काही लागतही नाही. हवा तो निवांतपणा आणि नीट जुळवलेले थर.

प्रथम कापड तपासावे. लुगडे उजेडासमोर धरून जिथे ते जाळीसारखे विरलेले दिसेल तो भाग बाजूला काढावा; विरलेल्या कापडावर घातलेला टाका पहिल्या धुण्यातच कापड फाडून बाहेर येतो. बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या घड्यांवर कापड लवकर विरते, पदराकडचे आणि आतल्या वेढ्याचे बहुधा चांगले राहते. कापड निव्वळ सुती आहे की नाही अशी शंका असेल, तर त्याचे दोन-चार धागे चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर जाळून पाहावेत. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते; पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो; रेशमाला केस जळल्याचा वास येतो. बाळाच्या अंगाखाली जाणाऱ्या थरांत पॉलिएस्टर घालू नये. ते घाम शोषत नाही आणि सुती थरांमध्ये सरकत राहते.

नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. एका सुती लुगड्यातून, विरलेला भाग वगळूनही, ९० सेंटिमीटर लांबीरुंदीच्या दुपट्याचे चार थर सहज निघतात. इरकलीचे अंग आणि काठ यांचे सूत बहुधा वेगवेगळे असते आणि काठाची वीणही घट्ट असते, त्यामुळे धुतल्यावर दोन्ही सारखे आटत नाहीत आणि काठाजवळ चुण्या पडतात. म्हणून त्याचा काठ वेगळा कापून घ्यावा आणि शेवटी दुपट्याच्या चारही बाजूंना किनार म्हणून लावावा. आजीचे लुगडे ओळखू यावे अशी तुमची इच्छा पत्रात दिसते. ती ओळख काठातच आहे, तेव्हा तो मध्ये दडपण्यापेक्षा कडेला दिसू द्यावा. सर्व तुकडे शिवण्यापूर्वी गरम पाण्यात धुऊन, खळ पूर्ण घालवून, वाळवून घ्यावेत.

थर जुळवताना प्रत्येक तुकड्याचा उभा धागा एकाच दिशेने असावा. कापड उभ्या धाग्यात जवळजवळ ताणत नाही, आडव्यात थोडे ताणते आणि तिरके, म्हणजे उरेब धरल्यास भरपूर ताणते. चारांपैकी एक थर तिरका पडला तर तो प्रत्येक धुण्यात आपल्या दिशेने ओढतो आणि दुपटे चौकोनी राहत नाही. फरशीवर पहिला थर पसरून कोपऱ्यांवर जड पुस्तके ठेवावीत, दुसरा थर त्यावर घालून मधून कडांकडे तळहाताने सारखा करावा, आणि असेच पुढे करावे. मग वीतभर अंतरावर उभ्या-आडव्या रेघांत लांब कच्चे टाके घालून सर्व थर एकमेकांना बांधावेत. हे टाके नंतर उसवायचे असल्याने वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घालावेत. नव्याने शिवणाऱ्या बऱ्याचजणी ही पायरी गाळतात आणि गोधडीच्या मध्यभागी कापडाचा फुगा जमतो.

पक्का धावदोरा गावाकडे कडेने सुरू करून चौकोनात चौकोन असा आत नेतात. अनुभवी हात कापड आपल्या मांडीखाली दाबून, ओढून, फुगा पुढे सरकवत जातो. तुम्ही प्रथमच शिवत आहात, म्हणून मधून सुरुवात करून बाहेर जाणे सोपे पडेल, कारण सरकलेले कापड कडेला जाईल आणि तिथे ते कापून टाकता येईल. दोरा जाड सुती असावा आणि हातभरापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोरा गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन झिजतो. तो मेणावरून एकदा ओढून घेतला तर गाठी कमी पडतात. दोन रेघांत बोटभर अंतर आणि टाका तांदळाच्या दाण्याएवढा, असे प्रमाण ठेवावे. मधल्या बोटात अंगुस्तान घालण्याची सवय सुरुवातीपासून लावावी, कारण चार थरांतून सुई ढकलताना बोटाला भोके पडतात आणि मग काम मागे पडते. दोऱ्याची गाठ वर न ठेवता थरांच्या मध्ये ओढून घ्यावी. बाळाच्या कातडीला तेवढी गाठही टोचते. बाळाच्या दुपट्याला टिकल्या, मणी, बटणे लावू नयेत.

प्रश्न : जुन्या लग्नपत्रिका आणि हातकागद वापरून वह्यांची कव्हरे आणि लहान पेट्या करते. चिकटवताना सपाट असलेला पुठ्ठा दुसऱ्या दिवशी वाकतो. काही पत्रिकांना फेव्हिकॉलही धरत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : कारखान्यात तयार झालेल्या कागदातले बहुतेक तंतू एकाच दिशेने पडलेले असतात. ओला झाल्यावर तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो; त्यामुळे कागद तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो. पसरलेला कागद तुम्ही पुठ्ठ्यावर चिकटवता, तो वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतो. तंतूंची दिशा ओळखण्यासाठी कागदाच्या एका तुकड्याची एकच बाजू किंचित ओली करावी. तो ज्या नळीच्या आकारात वळेल, त्या नळीच्या लांबीची दिशा हीच तंतूंची दिशा. पुठ्ठ्याची दिशा हाताने वाकवून कळते. तो ज्या बाजूने सहज वाकतो, त्या घडीला समांतर त्याचे तंतू असतात. पुठ्ठा, वरचा कागद आणि आतली पाने या तिन्हींची दिशा वहीच्या पाठीला समांतर ठेवली, तर निम्मा त्रास तिथेच मिटतो. हातकागद साच्यावर हाताने उचललेला असल्याने त्यातले तंतू सर्व दिशांना पसरलेले असतात आणि तो सगळीकडे जवळजवळ सारखाच पसरतो. म्हणून अशा कामासाठी तो फार चांगला. पुण्यात राहत असल्यामुळे तुम्हाला तो जवळच मिळतो. १९४० मध्ये सुरू झालेली हातकागद संस्था आणि त्याही आधीपासून कसबा पेठेत असलेला कागदीपुरा यांमुळे या शहराचे कागदाशी नाते जुने आहे.

उरलेला निम्मा त्रास मिटवण्यासाठी पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूलाही तितक्याच वजनाचा कागद त्याच दिवशी चिकटवावा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. खळ किंवा पातळ केलेला फेव्हिकॉल कागदाला लावून लगेच न चिकटवता एखादा मिनिट थांबावे आणि कागदाला पूर्ण पसरू द्यावे. नंतर कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वर वजन देऊन रात्रभर ठेवावे. घरची खळ करायची असल्यास एक भाग मैदा पाच-सहा भाग पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा आणि मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत ढवळत शिजवावा. ती शीतकपाटात तीन-चार दिवस टिकते. कीड लागू नये म्हणून बायंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, त्यामुळे घरात, विशेषतः मुले हाताळणार असतील तर, ते मुळीच घालू नये.

फेव्हिकॉल न धरणाऱ्या पत्रिकांवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चढवलेला असतो. चिकटणाऱ्या पट्टीपुरता तो बारीक पॉलिश पेपरने खरवडून काढावा. जाड पत्रिका दुमडण्यापूर्वी रिफिल संपलेल्या बॉलपेनने, पट्टी धरून, घडीच्या रेघेवर दाबून ओढावे. असे केले तर घडी सरळ बसते आणि रंगाचा थर फुटून पांढरी रेघ दिसत नाही.

प्रश्न : आमचा महिला बचत गट वर्तमानपत्राच्या पिशव्या करतो. वडापावच्या आणि भज्यांच्या गाड्यांना त्या विकाव्यात का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : विकू नयेत. गरम आणि तेलकट पदार्थात छपाईची शाई उतरते आणि ती पोटात जाते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये याबाबत सूचना दिली आणि पॅकेजिंगविषयीच्या २०१८ च्या नियमांत अन्न बांधण्यासाठी वर्तमानपत्र वापरण्यास मनाई केली. आतून कोरा कागद लावला तरी तेल त्यातून पार होते, तेव्हा ती पळवाटही शोधू नये. तुमच्या पिशव्यांना बांगड्यांची, कापडाची, वह्या-पुस्तकांची, औषधांची दुकाने आणि फुलवाले हे योग्य गिऱ्हाईक आहेत. त्यांच्यासाठी तळात पुठ्ठ्याचा तुकडा आणि तोंडाशी आत दुमडलेल्या पट्टीत पुठ्ठ्याची चिंचोळी पट्टी घातली, तर सुतळीचा बंद कागद फाडत नाही. ही पट्टी न घातलेली पिशवी नेहमी बंदापाशीच फाटते.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या मुलांकडून आकाशकंदील करून घ्यायचे आहेत. खर्च जवळजवळ शून्य असावा. मुले थर्माकोल आणतात, तो चालेल का? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : थर्माकोल आणू नका असे मुलांना आधीच सांगावे. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. शिवाय कापताना त्याचे दाणे वर्गभर उडतात आणि ते गोळा होत नाहीत.

कामट्यांचा कंदील सुंदर होतो, पण कामट्या तासणे आणि बांधणे हे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना कठीण आणि हात कापणारे काम आहे. त्याऐवजी प्रत्येक मुलाने चार सारख्या आकाराच्या लग्नपत्रिका किंवा बुटांच्या खोक्याचे चार तुकडे आणावेत. प्रत्येक तुकड्याच्या कडेला दोन बोटे रुंदीची चौकट ठेवून मधला भाग कापून टाकावा. हे कापण्याचे काम शिक्षकांनी किंवा मोठ्या मुलांनी करावे. आतल्या बाजूने पतंगी कागद चिकटवावा. त्यासाठी पातळ खळ वापरावी, कारण फेव्हिकॉलचे डाग उजेडात गडद दिसतात आणि पतंगी कागदाचा रंगही त्याने फुटतो. चौकटींच्या उभ्या कडांना तीन-तीन भोके पाडून लोकरीने किंवा जुन्या साडीच्या चिंध्यांनी त्या एकमेकींना बांधाव्यात. बांधल्यामुळे कंदील दिवाळीनंतर सोडून, घडी करून पुढच्या वर्षासाठी ठेवता येतो. मुलांनाही वस्तू जपून ठेवण्याची गोडी त्यातून लागते. झिरमिळ्यांसाठी पतंगी कागदाची पट्टी चार घड्या घालून वरचे बोटभर अंतर सोडून कातरावी, मग मुलांचा वेळ आणि कागद दोन्ही वाचतात.

कामट्यांचा एखादा कंदील शाळेच्या दाराशी लावण्यासाठी मोठ्यांनी करावा आणि मुलांना दाखवावा. त्यावर कागद चिकटून वाळला की पाण्याचा अगदी हलका फवारा मारावा. पुन्हा वाळताना कागद आक्रसतो आणि सगळ्या सुरकुत्या निघून तो ताठ होतो. मुलांना हे पाहायला फार आवडते. पुठ्ठ्याच्या कंदिलावर मात्र फवारा मारू नये, चौकट वाकेल. कंदिलात कमी वॅटचा एलईडी दिवाच लावावा, जुना तारेचा बल्ब लावू नये, कारण तो इतका तापतो की जवळचा कागद करपतो. वर आणि खाली कंदील उघडा राहू द्यावा, होल्डर मध्यभागी लटकेल आणि कागदाला टेकणार नाही असे पाहावे, आणि वायरचे काम मोठ्यांनीच करावे.

प्रश्न : जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवताना मशिनची सुई सारखी मोडते. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नेहमीच्या ब्लाऊजच्या शिवणकामाला चालणारी ११ किंवा १४ नंबरची सुई जीन्सला चालत नाही, १६ नंबरची घ्यावी आणि टाका थोडा मोठा ठेवावा. सुई मोडते ती बहुधा साध्या कापडावर नसून जिथे दोन जाड शिवणी एकमेकींवर येतात तिथे. तिथे मशिनचा पाय चढावर तिरका होतो, कापड पुढे सरकत नाही, आपण ते हाताने ओढतो आणि वाकलेली सुई खालच्या पत्र्यावर आपटते. शिवण्यापूर्वी अशी जाड शिवण फडक्यात गुंडाळून हातोडीने ठोकून चपटी करावी. पाय चढावर येताच त्याच्या मागच्या बाजूला जीन्सचीच दुहेरी घडी सरकवावी, म्हणजे पाय पुन्हा सपाट होतो. तेवढे चार-पाच टाके मशिनचे चाक हाताने फिरवून घालावेत आणि कापड मुळीच ओढू नये.

पिशवीच्या बंदासाठी नवी पट्टी शिवत बसू नये. जीन्सचा कमरपट्टा आधीच दुहेरी आणि घट्ट शिवलेला असतो. तो अखंड उसवून घ्यावा, त्याची टोके पिशवीच्या आत चार बोटे खाली न्यावीत, तिथे चौकोन शिवून त्यात फुलीची शिवण घालावी. मांडीच्या पुढच्या भागावर विरलेले कापड असेल तर ते पिशवीच्या अंगाला न घेता आतल्या खिशाला वापरावे, कारण वजन सगळे तळावर आणि बंदाच्या जोडावर येते.